देखणा बोकड

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावी शेळ्यांच्या आजारांवर औषध देणारे एक वृद्ध राहत. लोक त्यांना तात्या म्हणत. सदोबा नावाचा विवाहित तरुण त्यांच्याजवळ ही विद्या शिकत होता.

एके दिवशी शेजारच्या गावचा एक शेळीपालक आपल्या शेळ्या घेऊन आला. वर्ष सरले तरी एकही गाभण राहिली नव्हती. खाटकाला विकण्याआधी शेवटचे औषध द्या, अशी त्याने विनवणी केली. सोबत त्याचा बोकडही होता. भरदार मान, लांब दाढी, दुरूनच येणारा उग्र दर्प. माजावर आलेली एकही शेळी तो सोडत नाही, असे मालकाने अभिमानाने सांगितले.

सदोबाने मुळ्या वाटायला घेतल्या. तात्यांनी मात्र शेळ्यांकडे पाहिलेही नाही. त्यांनी बोकडाच्या मागच्या मांड्यांमधून हात फिरवला आणि म्हणाले, “शेळ्या इथे ठेव. बोकड परत ने.”

मालक गोंधळला, तरी शेळ्या ठेवून गेला. तात्यांनी त्या शेळ्या आपल्या किरकोळ अंगाच्या बोकडासोबत सोडल्या. यथावकाश सगळ्या गाभण राहिल्या. औषध एकीलाही दिले नव्हते. मालक आनंदाने त्यांना घरी घेऊन गेला, तेव्हा सदोबाने कारण विचारले.

तात्या म्हणाले, “नराचे वृषण पोटातून खाली पिशवीत उतरावे लागतात. तिथल्या गारव्यातच बीज तयार होते. त्या बोकडाचे दोन्ही वृषण पोटातच राहिले. त्या उष्णतेत बीज तयार होत नाही. दर्प आणि जोम मात्र कायम राहतो. एखादा उतरला असता तर शेळ्या फळल्याही असत्या, पण दोष पिलांत गेला असता. त्या मुक्या जिवाचा यात अपराध नाही. शेळ्यांचाही नव्हता, तरी त्याच खाटकाकडे निघाल्या होत्या. नराला तपासावे, हे कोणाच्या मनातच आले नाही.”

सदोबाला स्वतःचे घर आठवले. त्याला मूल नव्हते. म्हणून त्याची पत्नी इंदू माहेरी धाडली गेली होती आणि आईने दुसरी मुलगी पाहून ठेवली होती. यात आजवर त्याला काही वावगे वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो सासुरवाडीला गेला. इंदू ओट्यावर शेंगा सोलत होती. तो शेजारी बसला.

“तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाऊ. आधी माझी तपासणी करायची. तू सोबत हवीस.”

“आणि सासूबाईंना काय सांगाल?”

“सांगूनच आलोय.”

इंदूने सूप बाजूला ठेवले आणि पिशवी भरायला आत गेली.

तपासणीत काय निघाले, ते गावाला कधीच कळले नाही. दुसऱ्या मुलीचा विषय मात्र त्या घरात पुन्हा निघाला नाही.