केरबानं हूक बसवला

अंजिराच्या बागांच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हे आपण म्हणायचं. त्याची चंद्राआत्या जे म्हणायची ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. शिकवलेलं तो कधी विसरायचा नाही. फक्त वापरायचा पुढच्या कामाला.

आत्याची बाग पिकली होती. अंजीर कुणासाठी थांबत नाही, आज तोडलं की आजच बाजार गाठायचा. दोन दिवसांवर बाजार, आणि बागेतल्या छोट्या जुन्या ट्रॅक्टरचा मागचा हूक तुटलेला. हूक नाही तर ट्रॉली नाही, ट्रॉली नाही तर आत्याची वर्षाची मेहनत उकिरड्यावर.

हसनमिस्त्री म्हणाला, "एवढ्या जुन्या ट्रॅक्टरला तयार हूक बसायचा नाही. मागच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून आण. नवा करून देतो."

केरबानं दोन्ही हात भोकांवर ठेवले आणि तसेच हवेत धरून निघाला. वाटेत नाकावर माशी बसली. माशी उडाली, मापही उडालं.

आत्या म्हणाली, "अरे मेल्या, माप हातात धरून नेतात होय? दोरी घ्यायची, गाठ मारायची!"

"कळलं, आत्या."

कळणारच. हुशार पोरगं. माप मग आत्याच दोरीनं घेऊन गेली. मिस्त्रीनं हूक दिला, दोन बोल्ट दिले, ट्रॉली अडकवायची पिन दिली. केरबानं बोल्ट जपून फळीवर ठेवले, दोरी घेतली आणि हूक ट्रॅक्टरला बांधला. सात गाठी मारल्या. ट्रॉली जोडून ट्रॅक्टर सुरू केला. ट्रॅक्टर वेशीपर्यंत गेला. ट्रॉली अंगणातच राहिली, तिला कुठं घाई होती!

"अरे, लोखंडाला दोरी?" आत्यानं कपाळावर हात मारला. "बोल्ट घालायचे, दात-ओठ खाऊन आवळायचं. जरासुद्धा ढिलं ठेवायचं नाही!"

"कळलं, आत्या."

या वेळी आत्या पाना हातात देऊन उभीच राहिली, म्हणून हूक बसला. असा बसला की मिस्त्रीही म्हणाला, "हा आता हत्तीला ऐकायचा नाही."

बाजाराच्या दिवशी पहाटे तोडणी झाली. दहा पाट्या. आत्या चुलीकडं गेली तेवढ्यात केरबानं एक पाटी भरली. गुडघा ठेवून, दात-ओठ खाऊन. जरासुद्धा ढिली ठेवली नाही. पाटीच्या बुडातून रस गळायला लागला.

"चांडाळा!" आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "नाजूक वस्तू आहे ती. हलक्या हातानं पानांवर निजवायची, वर ओलं फडकं टाकायचं!"

"कळलं, आत्या."

उरलेल्या नऊ पाट्या आत्यानं स्वतः भरल्या. केरबाकडं फक्त पिन दिली. त्यानं ती अंगणात अंजिराच्या पानांवर हलक्या हातानं निजवली आणि वर ओलं फडकं टाकलं. बिचारीला ऊन लागायला नको. निघायच्या वेळी पिन गायब. तासभर शोधल्यावर शेजारच्या धोंडिबाच्या परसात सापडली. बेवारस लोखंड दिसलं म्हणून त्यानं शेळीचा खुंटा केला होता.

"पिन अशी उघड्यावर टाकतात का?" आत्या ओरडली. "ट्रॅक्टर थांबला की पहिली पिन काढायची आणि खिशात घालायची! आणि आता वाटेत हुकावर नजर ठेव."

"कळलं, आत्या."

ट्रॅक्टर चालवायला मात्र केरबाला यायचं, देवानं तेवढी दया केली होती. आत्या शेजारी बसली. तळ्याच्या बांधावरून ट्रॅक्टर निघाला. केरबा मान वळवून हुकाकडं बघत होता.

"अरे, पुढं बघ!"

"मग हुकाकडं कोण बघणार?"

पुढं वळण होतं. वळणावर बाभळ होती. तिनं ट्रॅक्टर थांबवला. ट्रॉली गर्रकन फिरली आणि बांधाखाली तळ्याच्या उतारावर लोंबकळली. आत्यानं डोळे गच्च मिटले, मग हळूच उघडले. नऊच्या नऊ पाट्या जागेवर! एक अंजीर सांडलं नव्हतं. सगळा भार एकट्या हुकानं धरला होता.

"वाचले रे देवा!" आत्यानं हात जोडले आणि रानातल्या गड्यांना हाका मारत धावली. सात-आठ जण दोर घेऊन पळत आले. आता ट्रॉली वर ओढायची, बाजार गाठायचा, एवढंच राहिलं होतं.

इकडं केरबा खाली उतरला. मागं गेला. ताणानं घट्ट बसलेलं काहीतरी पान्यानं ठोकून ठोकून काढलं.

धडाड्! मग बुडबुड. मग तळ्यावर सगळीकडं अंजिरं.

गडी दोर धरून तसेच उभे राहिले. आत्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. केरबानं तिची अवस्था पाहिली, आणि त्याला एकदम तिची दया आली.

"घाबरू नकोस, आत्या," खिसा थोपटत तो म्हणाला. "पिन आहे."