एक घंटा, दोन शेजारणी

संगणक कुरकुरत सुरू व्हायचे, तेव्हाची गोष्ट. एका संगणकाच्या पेटीत गाणारी साउंडबाई आणि इंटरनेट आणणारी मोडेमबाई राहत. प्रोसेसरला हाक मारायला दोघींत घंटा एकच.

"दोरी सोड!"

"तू सोड!"

या ओढाताणीत प्रोसेसर गांगरे, संगणक बंद पडून पुन्हा सुरू होई आणि मागचं सगळं विसरून दोघी नव्या दमानं भांडत.

लक्षात राही ते फक्त संगणक बंद पडला तरी जागा राहणाऱ्या, पेटीतल्या घड्याळाच्या चिमुकल्या सेलला. शेवटी तो वैतागला. "बायांनो, सकाळपासून हेच चाललंय! शेजारची खाच रिकामी आहे, एकीनं तिथे जाऊन बसावं, तिथे वेगळी घंटा आहे."

"जाते मी," साउंडबाई फणकारली, "पण माघार मी घेतली, हे हिनं जन्मभर लक्षात ठेवावं!"

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला. "अगबाई, काय गोड शेजारीण मिळालीय!" नव्या खाचेतून मोडेमबाईकडे बघत साउंडबाई म्हणाली.

सेलला सगळं आठवत होतं. तो गालातल्या गालात हसला.