यमाजी सायाळाचा ऊनखाऊ

त्या राज्यात धूर फार झाला होता. ज्याला चालायचा कंटाळा आणि ज्याच्या घरी चार घास शिल्लक, तो तो धुरक्यावर बसून फिरे. धुरके म्हणजे कोळसा खाणारी ठेंगणी, दणकट जनावरं. पुढून कोळसा घालावा, मागून धूर निघावा, एवढाच त्यांचा संसार. त्या धुराने सशांची पिल्लं खोकत, चिमण्या झाडावरून घेरी येऊन पडत, पण त्याचं कुणाला फारसं काही नव्हतं. एका वर्षी मात्र दरबारातल्या मोराचा पिसारा काळवंडला आणि सिंहीण महाराणीला ऐन सभेत तीनदा शिंक आली. मग लगेच दवंडी पिटली गेली.

दवंडी अशी, की जो ऊनखाऊ ठेवील त्याला राजभागात सूट. राजभाग म्हणजे प्रत्येकाच्या कमाईतून राणीकडे जाणारा वाटा, दहा कंदांमागे तीन. आणि ऊनखाऊ म्हणजे डोंगरापलीकडून आलेली नवी जनावरं. ती दिवसभर उन्हात पडून ऊन पीत आणि मग आवाज न करता, धूर न सोडता पळत. कातडी लोण्यासारखी पांढरी आणि मऊ. किंमत विचारली तर हत्तीनेही दोनदा आवंढा गिळावा. तेव्हा विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. इथे बगळा पुढे आला. त्याने ऊनखाऊंचा सगळा कळप उचलला आणि भाड्याने द्यायला काढला. भाडं मात्र नोकराने स्वतः द्यायचं नाही, धन्याने त्याच्या कमाईतून परस्पर कापून बगळ्याला पोचवायचं, आणि उरेल तेवढ्यावरच राणीने आपला भाग घ्यायचा. जे बगळ्याला गेलं ते राणीच्या डोळ्यांना दिसतच नसे.

यमाजी सायाळ गव्याच्या कोठारात कंद निवडायला होता. हिशेबी प्राणी. खाली सांडलेला दाणा उचलल्याशिवाय त्याला पुढे जाववत नसे. त्याचं बीळ कोठाराच्या इतकं जवळ, की गव्याने नुसती हाक मारली तरी ऐकू यावी. त्याने जन्मात कधी धुरका पाळला नव्हता. संध्याकाळी चालत कामाला जाई, पहाटे चालत परत येई. पण महिन्याच्या चाळीस कंदांतले बारा राणीकडे जाताना पाहिले की उरलेले तो पुन्हा पुन्हा मोजत बसे. दवंडी ऐकली तसा तो आनंदाने गव्याकडे गेला आणि म्हणाला की धनी, आपण तर काडीइतकाही धूर करत नाही, तेव्हा पहिली सूट आपल्यालाच मिळायला हवी.

गव्याने रवंथ थांबवला.

"सूट धूर न करण्याबद्दल नाही यमाजी," तो म्हणाला. "सूट ऊनखाऊ ठेवण्याबद्दल आहे."

हे उत्तर यमाजीच्या डोक्यात आठवडाभर घोळत राहिलं. त्यात शेजारच्या रावजी मुंगसाने ऊनखाऊ आणला आणि येताजाता त्याच्या पाठीवर पसरून वाचलेल्या कंदांची आकडेवारी ऐकवू लागला. यमाजीने बिळाच्या भिंतीवर नखाने हिशेब मांडला. भाडं दहा कंद. चाळीसांतून दहा गेले, उरले तीस. तिसांवर राजभाग नऊ. म्हणजे बाराचे नऊ झाले, तीन वाचले. त्याने तो हिशेब गजराबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, तीनदा समजावून सांगितला.

"तीन वाचवायला दहा द्यायचे?" गजराबाई म्हणाली.

तसं नव्हे, यमाजी म्हणाला, दहाचं जनावर सातात पडतंय. गजराबाईने विचारलं की ते खरं, पण आपल्याला जायचंय कुठं? यावर यमाजीला फार राग आला. जाण्याचा संबंधच काय, तो म्हणाला. सगळे सूट घेतायत आणि आपण एकटेच राणीचं घर भरत बसलोय. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, असं काहीसं पुटपुटत गजराबाई पिल्लांकडे वळली.

करार वाचायला बगळा स्वतः आला. एका पायावर उभा राहून, डोळे अर्धवट मिटून त्याने गोड आवाजात अटी वाचल्या. मुदत चार पावसाळे. मुदतीआधी जनावर परत केलं किंवा गव्याची नोकरी सोडली, तर उरलेलं सगळं भाडं एकदम. शेवटी जनावर जसं दिलं तसं परत, अंगावर एक ओरखडा नको. पडलाच तर ओरखड्यामागे दोन कंद. यमाजी प्रत्येक अटीला मान हलवत होता. तोंडाने तो पुटपुटत होता, वर्षाला छत्तीस, चार पावसाळ्यांत एकशे चव्वेचाळीस. अंगभर काटे असलेला प्राणी ओरखड्याची अट ऐकतो आणि त्याला काही खटकत नाही, हे दुसऱ्या कुठल्या जातीत घडलं नसतं. पण सायाळाला स्वतःचे काटे कधी टोचत नाहीत, त्यामुळे ते त्याच्या लक्षातही राहत नाहीत. त्याने पंजा उमटवला.

ऊनखाऊ आला तेव्हा अख्खा उतार बघायला जमला. यमाजीला आपली उंची वीतभर वाढल्यासारखं वाटलं. तो मोठ्या थाटात चढून बसला, आणि ते गरीब जनावर नखशिखान्त शहारलं. कोठारापर्यंत जाऊन येईतो लोण्यासारख्या पाठीवर सात रेघा उमटल्या होत्या. महिनाअखेर बगळा पाहणीला आला. जनावराभोवती सावकाश एक फेरी मारून त्याने रेघा मोजल्या आणि चौदा कंद मांडले. वाचले होते तीन.

यमाजीने पाठीवर गोणपाट बांधून पाहिलं, काटे आरपार आले. केळीची सोपटं घालून पाहिली, त्यांच्या चिंध्या झाल्या. मग तो बसायचाच बंद झाला. दोर धरून पुढे यमाजी आणि मागे रिकामा ऊनखाऊ, अशी वरात रोज संध्याकाळी कोठारावर जाई आणि पहाटे परत येई. पण जनावर बिळाच्या तोंडाशी बांधलेलं, वाट अरुंद, आत-बाहेर करताना एखादा काटा लागायचाच. परत करावं म्हणून त्याने बगळ्याजवळ विषय काढला. बगळ्याने उरलेल्या भाड्याचा आकडा सांगितला, तसा यमाजीने विषय तिथेच सोडला. शेवटी रावजी मुंगसानेच तोड सुचवली. रावजीचं काय जातंय, त्याचं अंग केसाळ. तो म्हणाला, जनावर बदलता येत नाही ना, मग काटे काढ.

आता सायाळांची एक रीत सांगितली पाहिजे. सायाळ दिवसा झोपतात, आणि त्यांच्या बिळाला दार नसतं. घरातला कर्ता बिळाच्या तोंडाशी झोपतो, तोंड आत आणि पाठ बाहेर. ती काट्यांची पाठ म्हणजेच त्या घराचं दार. उतारावर एक तरस फिरे. वर्षातून दोन-तीनदा तो यमाजीच्या बिळाशी येई, त्या पाठीकडे बघे आणि निघून जाई. आत दोन पिल्लं होती, त्यांचे काटे अजून बोटभरही नव्हते. म्हणून काटे काढायचं नाव निघताच गजराबाई प्रथमच आवाज चढवून बोलली.

"अहो, जनावर मागून आणलेलं आहे, ते एक दिवस जाणारच," ती म्हणाली. "पाठ काही कुणाकडून मागून आणता येत नाही. दारात काय ठेवणार आहात?"

यमाजी म्हणाला की काटे पुन्हा उगवतात, चार पावसाळ्यांचाच तर प्रश्न आहे. तिने उपटायला साफ नकार दिला, तेव्हा रावजीने दाताने उपटले. दुखलं फार. काटे पंधरवड्यात परत डोकं वर काढत, म्हणून रावजी दर पंधरवड्याला येई. पुढल्या महिन्यात बगळ्याला एकही नवी रेघ सापडली नाही आणि यमाजीच्या पदरात पुरते तीन कंद पडले. त्याने ते पिल्लांना दाखवले. तो आता ऐटीत ऊनखाऊवर बसून कामाला जाई, आणि दिवसा बिळाच्या तोंडाशी, रीतीप्रमाणे पाठ बाहेर करून, उघड्या अंगाने झोपे. त्याला झोप चांगली लागत नसे. आपल्याला थंडी वाजते म्हणून, असं तो सांगे.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकदा दिवस कलताना टिटवी ओरडली. तरस उतार चढून येत होता. यमाजी दचकून उठला आणि रीतीप्रमाणे अंग फुलवायला गेला, पण फुलवायला अंगावर काही नव्हतं. तरस अजून लांब होता. तो थांबला, त्याने दाराकडे नीट निरखून पाहिलं आणि पुन्हा चालू लागला. यावेळी त्याला घाई नव्हती.

गजराबाई दोन्ही पिल्लांना ढकलत बाहेर आली. ऊनखाऊ दिवसभराचं ऊन पिऊन टवटवीत उभा होता. तिने म्हटलं, घाला यांना वर आणि पळवा कोठाराकडे, गव्याच्या पायांत शिरलं की तरस येणार नाही. सोपी गोष्ट होती. जन्मात पहिल्यांदाच त्यांना खरोखर कुठेतरी जायचं होतं. तिने एका पिल्लाला उचलून जनावराच्या पाठीशी नेलं.

"ओरखडे पडतील," यमाजी म्हणाला.

हे तोंडातून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो लाजेने अर्धमेला झाला. पण शब्द गेला तो गेला. गजराबाईने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तिने पिल्लं आत लोटली, नवऱ्यालाही त्यांच्यामागे लोटलं आणि स्वतः बिळाच्या तोंडाशी पाठ करून बसली. तिने अंग फुलवलं तेव्हा खळखळ असा आवाज सगळ्या उतारावर गेला. तरसाने पहिल्यांदा ते मनावर घेतलं नाही, तोंड घातलं. मग जबड्यात चार काटे घेऊन केकाटत खाली गेला. गजराबाईच्या मांडीला त्याचा दात लागला होता, तिथून रक्त वाहत होतं. यमाजी ते पुसायला पुढे झाला तर ती म्हणाली, राहू द्या.

"आजपासून दारात मी," ती म्हणाली. "तुम्ही पोरांत झोपा."

त्यात राग नव्हता, म्हणून यमाजीला ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून आल्यावर तो मुकाट्याने आत पिल्लांच्या मध्ये जाऊन आडवा झाला. पिल्लं लाडाने त्याला बिलगली. त्यांचे आता कुठे बोटभर झालेले काटे त्याच्या उघड्या अंगात शिरले आणि तो विव्हळत उठला. या कुशीवर वळला तर थोरलं टोचे, त्या कुशीवर धाकटं. पिल्लांना कळेना की बाबा दूर का सरकतात. भिंतीला चिकटून पाहिलं, तरी झोपेत ती शोधत शोधत येतच. थोड्या वेळाने तो उठला, गजराबाईच्या पाठीला न लागता अंग चोरून बाहेर आला आणि आसपास मऊ असं एकच काही होतं त्याच्या, म्हणजे ऊनखाऊच्या, कुशीला जाऊन पडला. तिथे काही टोचत नव्हतं.

तो बगळ्याच्या पाहणीचा दिवस होता. बगळा उतरला, डोळे अर्धवट मिटून ऊनखाऊभोवती सावकाश फिरला. चोच जवळ नेऊन त्याने पाठ पाहिली, पोट पाहिलं, मांड्या पाहिल्या. मग त्याच चालीत तो शेजारी पडलेल्याभोवतीही फिरला. मानेपासून शेपटापर्यंत त्याने उघडी, गुळगुळीत पाठ नीट निरखली. यमाजी जागा होता. श्वास रोखून तो निपचित पडून राहिला, जराही हलला नाही.

बगळ्याने पंखाखालचं पान काढून त्यावर खूण केली.

"दोन," तो स्वतःशी म्हणाला. "दोन्हींवर ओरखडा नाही."

आणि तो पुढच्या बिळाकडे उडाला. यमाजी तसाच पडून राहिला. ऊन आता कुठे त्याच्या अंगात उतरायला लागलं होतं.