धवळ्या वेस ओलांडतो

सिंधूकाठी भाजक्या विटांची नगरं नांदत होती, त्या काळची ही गोष्ट. एका नगराजवळून नदी दूर सरकली आणि विहिरी आटल्या. इरवा कुंभारणीने गाडी भरली, लेकरं वर बसवली. पण तिचा म्हातारा बैल धवळ्या वेशीतून हलेना.

तेवढ्यात हिमालय ओलांडून आलेली एक हंसी वेशीवर टेकली. धवळ्या म्हणाला, "या भिंतींच्या विटा मीच वाहिल्या, बाई. हे टाकून गेलो तर राहिलं काय?"

"चीन देशातल्या पिवळ्या नदीवरून आले मी," हंसी म्हणाली. "तिच्या पुरात घरंच्या घरं वाहून जातात. माणसं पोरं आणि बियाणं घेऊन टेकडीवर पळतात. पूर ओसरला की त्याच गाळात राळा पेरतात, नवी मडकी भाजतात. जुन्यापेक्षा चांगली, दादा!"

धवळ्याने मागे वळून पाहिलं. गाडीत जवाचं बियाणं होतं, इरवाचं चाक होतं, तहानलेली पोरं होती. त्याने जोर लावला आणि गाडी निघाली.

अकराव्या दिवशी पूर्वेकडची नदी लागली. पोरं पाण्यात धावली. इरवाने काठची माती मळून पाहिली आणि ती हसली, "भांड्यांना चांगली आहे रे!" धवळ्या गुडघाभर पाण्यात उभा राहून पोटभर पाणी प्यायला आणि त्याने मोठा श्वास सोडला.