फक्कीच्या भिंतींचं घर

अकरावा नकाशाही राजेसाहेबांनी टराटरा फाडला!

"सटवोजी! गड उतरून खाली राहायला यायचं, तर घर सगळ्यांच्या मनासारखं हवं. एवढं साधं घर तुला आखता येत नाही?"

चूक माझी नाही, असं मी म्हणणार होतो. पण विश्वास कोण ठेवणार? सगळ्या मुलखाला ठाऊक होतं, की सटवोजी मिस्त्रीच्या स्वतःच्या घराचं दार उघडलं की चुलीवर आपटतं, आणि एक जण आत शिरला की दुसऱ्याला बाहेर यावं लागतं. तेही घर मीच बांधलंय. भर तारुण्यात, पूर्ण शुद्धीत.

पण राजे भुजंगरावांचं घर म्हणजे अवघड जागेचं दुखणं! आऊसाहेबांना, म्हणजे राजांच्या मातोश्रींना, सुनेचा आवाजही कानावर नको होता. राणीसाहेबांना सासूच्या नि आपल्या खोलीच्या मध्ये चांगली जाड भिंत हवी होती. त्यांच्या दोन्ही सुनांना एकमेकींपेक्षा मोठी खोली हवी होती. हे कसं जमवायचं ते ब्रह्मदेवानेच सांगावं. आणि खुद्द राजेसाहेबांना निम्म्या घराएवढी सदर हवी होती. सदरेमागे मुदपाकखाना, पण मध्ये दार नको. "राजाचं चुलीशी काय काम?" वैद्यांनी गोड बंद केल्यापासून ते चुलीचं नावही काढत नसत.

"उद्या सूर्य मावळायच्या आत घरातल्या सगळ्यांनी एकाच नकाशाला हो म्हटलं पाहिजे," राजे गरजले. "नाहीतर तुझी थापी नि ओळंबा सरकारजमा! बस शेळ्या राखत!"

ती थापी माझ्या आज्याची. आणि शेळ्या माझं ऐकत नाहीत. मी अगदी रडकुंडीला आलो आणि चुन्याच्या घाण्यापाशी जाऊन बसलो.

तिथे भिवरा चुना मळत होती. वीस वर्षं माझ्या हाताखाली. मी चुकत होतो, ती मुकाट निस्तरत होती.

"कागदावर कोण राहून बघतंय, मिस्त्री?" ती म्हणाली. "भुईवर आखा. वीतभर रुंद चुन्याची फक्की टाका, अन् दिसभर त्यास्नी त्यात ऱ्हाऊ द्या."

"मग?"

"मग काय? बघायचं!"

दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी ऐकलं. राजांना सांगताना मात्र कल्पना माझीच असल्यासारखं सांगितलं.

सकाळी मैदानावर घर तयार! वर मांडव, खाली खऱ्या मापाच्या पांढऱ्या फक्कीच्या भिंती. सदरेत लोड, मुदपाकात चूल, चुलीवर साटोऱ्या. भिवराने सगळ्यांना एकच विनंती केली, "रेघेची फिकीर करू नका. मन जाईल तिकडं पाय जाऊ द्या."

संध्याकाळी राजे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "सटवोजी! ही तर सगळी फक्की विस्कटली! नकाशा कुठे आहे?"

मी भिवराकडे पाहिलं. कल्पना तेवढ्यापुरती पुन्हा तिची झाली.

"ह्योच नकाशा, सरकार!" भिवरा पुढे झाली. "जिथं रेघ पुसली तिथं दार. जिथं रेघ शाबूत, तिथं भिंत."

आऊसाहेबांच्या नि राणीसाहेबांच्या खोल्यांमधली रेघ तर औषधालाही उरली नव्हती!

"अडकित्ता त्यांच्याकडे होता," राणीसाहेब पुटपुटल्या.

"आणि सुपारी हिच्याकडे!" आऊसाहेब म्हणाल्या. दिवसभर दोघी एका पानाच्या डब्यावर बसून राजांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होत्या.

"मग मधी दार ठेवू?"

"ठेव!" दोघी म्हणाल्या. "पण कडी माझ्या बाजूने!" हेही दोघींनी एकदमच म्हटलं.

"दोन्हीकडनं कडी!" भिवराने निकाल दिला.

दोन्ही सुनांच्या खोल्यांत पाऊलच उमटलं नव्हतं. दोघी दिवसभर अंगणातल्या लिंबाखाली गप्पा मारत बसल्या होत्या.

"खोल्या सारख्या, अंगण मोठं. चालंल?"

दोघींनी लाजून माना डोलावल्या. उरली सदर! एवढ्या मोठ्या सदरेत लोडाजवळ एक कुत्रं येऊन गेल्याच्या खुणा होत्या, आणि तेही फार वेळ थांबलं नव्हतं. पण सदरेमागची रेघ? ती पार तुडवली होती! मुदपाकाकडे सात खेपा गेलेल्या, सात आलेल्या. पावलं मोजडीची, टाचेला नाल ठोकलेली. राज्यात तशी जोडी एकच होती.

राजेसाहेब लालबुंद झाले. "कोण हा चोर? त्याचे पाय तोडा!"

सगळ्यांच्या नजरा राजांच्या मोजड्यांकडे वळल्या. भिवरा तेवढी हात जोडून म्हणाली, "पाय तोडू नका, सरकार! त्याच पायांवर राज्य उभं हाय!"

राजांनी खाली पाहिलं. मोजड्या घोट्यापर्यंत पांढऱ्याफेक! मिशीला साटोरीचा चुरा! आणि राजे पोट धरधरून हसू लागले.

"दार ठेव! चांगलं रुंद ठेव!"

"आन् वैद्यबुवा, सरकार?"

"ते पुढच्या दाराने येतात!" राजे डोळे पुसत म्हणाले. "निम्मी सदर रद्द! तिचं सागवान तुझं, भिवरा. त्यात तुझं घर बांध. नकाशा सटवोजी काढील."

दिवसभरात भिवरा पहिल्यांदाच घाबरली.

"नको, सरकार! मिस्त्रींच्या घरात एक आत गेला की दुसरा भाईर येतो. आखणी माझी मी करते. त्यांनी चुना मळावा!"

राजे इतके हसले, की आधारासाठी भिंतीवर हात टेकायला गेले. भिंत फक्कीची, म्हणून हात टेकला माझ्या डोक्यावर.

भिवराच्या घराचं दार कशावरही आपटत नाही. चुना मात्र मी फर्मास मळला. भिवरा स्वतः तसं म्हणाली!