ओल्या हलगीचा नाद

प्रवरेच्या काठी चिंचवंडी नावाचे गाव होते. नदीच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची वस्ती आणि वस्तीच्या टोकाला कुडाच्या भिंतींचे प्रार्थनामंदिर. त्या मंदिराला अजून घंटा नव्हती. एका चैत्रात गावोगाव प्रभूचा संदेश सांगणारे शांतवन महाराज पायी चालत त्या वस्तीत आले. अंगात जाडीभरडी कफनी, पाय अनवाणी, आणि बोलणे इतके मायेचे की त्यांनी नुसते "काय गं लेकी?" म्हटले तरी सासुरवाशिणीच्या डोळ्यांत पाणी यावे! आमच्या वडीलधाऱ्या बायका म्हातारपणीही ती हाक आठवून पदर डोळ्यांना लावत.

महाराज जिथे जात तिथे एकच विचारत, "बाळा, प्रभूने तुझ्या हातात काय ठेवले आहे? ते कुणाच्या उपयोगी पडते?" नुसते आमेन म्हणून घरी जाणारा भक्त त्यांना पुरत नसे. चिंचवंडीतही त्यांनी हेच विचारले आणि वस्ती कामाला लागली. कुणी म्हाताऱ्यांची छपरे शाकारून दिली, कुणी आजाऱ्यांच्या दारी पाणी भरले. सुईणीने तर शेजारच्या वाडीतल्या परक्या बायकांचीही बाळंतपणे केली. धन्य ती माणसे!

सटवा मात्र सगळ्यांच्या मागे बसून राही. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचे नाव स्तेफन ठेवले होते, पण त्याची बायकोसुद्धा त्याला सटवाच म्हणे. एके दिवशी भर सभेत तो हात जोडून उभा राहिला.

"महाराज, मला वाचता येईना, गाता येईना. हलगी तेवढी येती. ती कुठं देवाच्या कामाची?"

"का नाही?" महाराज म्हणाले. "मंदिराला घंटा नाही. पुनरुत्थानाच्या सणाला तुझ्या हलगीने सगळ्यांना उपासनेला बोलाव."

सटवाचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. तेवढ्यात मंडळीचे पंच इस्राएलराव उठले. रेल्वेत मुकादमी करून परतलेले गृहस्थ. पायात बूट, बोलण्यात दरारा.

"महाराज, ही हलगी कशासाठी वाजायची, ठाऊक आहे? पाटलाच्या दवंडीसाठी. साहेबाच्या दौऱ्यासाठी. लोकांच्या वरातीपुढे भर उन्हात, आणि बदल्यात शिळी भाकरी! ते सोडलं म्हणून आम्ही माणसांत आलो. आणि तेच चामडं तुम्ही देवाच्या दारात आणता?"

त्यांचे दुःख खोटे नव्हते. महाराजांनी ते जाणले.

"इस्राएलराव, तुमच्या वाडवडिलांना राबवले, तो जुलूम होता," ते म्हणाले. "पण हलगीने कोणते पाप केले? राबलेले ते हात प्रभूने आपल्या हाती धरले, पण त्यांतले कसब काही काढून घेतले नाही."

"मग उद्या मदाऱ्याची माकडंही आणा उपासनेला!" इस्राएलराव म्हणाले. सभेत हशा पिकला. सटवाने मान खाली घातली.

सणाची सकाळ उजाडली. हलगीचे चामडे जाळावर शेकून ताणल्यावाचून बोलत नाही, म्हणून सटवा मंदिरासमोर पाचोळा पेटवून बसला होता. इस्राएलराव तरातरा आले, त्यांनी त्याच्या हातातली हलगी हिसकावली आणि दारातल्या हौदात बुडवून धरली.

"घे! झाला हिचाही बाप्तिस्मा! आता वाजव!"

सटवाने ती बाहेर काढली तेव्हा चामडे भिजल्या भाकरीसारखे लिबलिबीत झाले होते. त्याने बोट मारून पाहिले. थप्! बघणारे पोट धरून हसले. सटवाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टाकून देऊ नकोस. जवळ असू दे."

उपासना झाली आणि जेवणाच्या तयारीसाठी बायका पाणी आणायला निघाल्या. उन्हाळ्यात नदीचे पात्र कोरडे पडे आणि थेट पलीकडच्या काठाजवळ वाळूत उकरलेल्या झिऱ्यांतून वाटीवाटीने घागर भरावी लागे. त्या बायकांत इस्राएलरावांची एकुलती एक लेक सुवार्ताही होती. सणाला माहेरी आलेली, कडेवर तान्हे मूल.

गावावर आभाळ निरभ्र होते. पण वर डोंगरात वळवाचा पाऊस कोसळला होता, याची कुणाला कल्पना? एक मेंढपाळ काठाकाठाने ओरडत आला, "पाणी आलं! वरल्या अंगानं लोंढा आलाय!"

सगळे काठावर धावले. वळणापलीकडून घोंघावणे ऐकू येऊ लागले होते. बायका मात्र दूर वाळूत बसून हसत बोलत पाणी भरत होत्या. वारा त्यांच्याकडून इकडे वाहत होता, त्यामुळे पुरुषांच्या हाका तोंडातून निघताच मागे फिरत होत्या.

"सुवार्ते! अगं सुवार्ते!" इस्राएलराव पात्रात धावले. बूट वाळूत रुतले, ते पालथे पडले. आवाज बसला. दोघा गड्यांनी त्यांना ओढून काठावर आणले. एवढे अंतर वेळेत कापणे कुणालाही शक्य नव्हते.

महाराज वळले. "सटवा, हलगी घे."

"महाराज, ती मेलीया. वाळायला सगळा दीस जाईल."

महाराजांनी दोन्ही तळवे त्या ओल्या चामड्यावर ठेवले आणि डोळे आकाशाकडे लावले. "प्रभो, हात तू दिलेस, कसब तू दिलेस. आता नादही तूच दे!" मग म्हणाले, "वाजव, बाळा."

सटवाने टिपरू उचलून घाव घातला. आणि काय सांगावे! कडाड्! कडकड कडकड कडाड्! प्रत्येक घावासरशी पाण्याचे थेंब उडत होते, आणि हलगी मात्र भर जत्रेत वाजावी तशी कडाडत होती. वाऱ्याला चिरत तो नाद पैलतीरी जाऊन आदळला.

बायकांत हलगीचे जुने ठेके ओळखणारी म्हातारी सरूबाई होती. ती ताडकन उठली. "पोरींनो, ह्यो पुराचा ठेका हाय! घागरी टाका! चढा वर!"

सुवार्ताने मूल छातीशी धरले आणि पलीकडची दरड चढली. शेवटच्या बाईला दोघींनी हात धरून वर ओढले, तोच झाडेझुडपे उपटत लोंढा आला आणि झिरे, घागरी सारे गिळून गेला. एकही जीव गेला नाही! पैलतीरावरून सुवार्ताने बापाला दिसावे म्हणून आपले मूल दोन्ही हातांनी उंच धरले.

इस्राएलराव वाळू झटकायचेही विसरून सटवाजवळ आले. त्यांनी हलगीवर हात ठेवला. तळहात ओला झाला. चामडे अजून तसेच लिबलिबीत होते. ते महाराजांच्या पायांशी वाकले.

महाराज मागे सरले. "इथे नव्हे. देणारा वर आहे. आणि त्याने दिलेले ज्याने उपयोगी आणले, तो हा उभा आहे."

इस्राएलराव सटवाकडे वळले. म्हणाले, "सटवा, हा ठेका तुला कुणी शिकवला रे?"

सटवा अवघडला. "पंच, राग नका धरू. तुमच्याच वडलांनी. तुम्ही तिकडं रेल्वेत होता तवा. म्हणायचे, माझा पोरगा काय हे शिकायचा न्हाई, तू शीक. असा हात पुन्ना व्हायचा न्हाई बगा त्यांच्यावानी!"

इस्राएलरावांनी डोक्याचा रेशमी फेटा उतरवला. त्या फेट्याने त्यांनी ओली हलगी हलक्या हाताने पुसली, आणि मग साऱ्या वस्तीसमोर आपले उघडे मस्तक सटवाच्या पायांवर ठेवले.