पुन्हा उगवणारी शेपटी
फार पूर्वी रानात कोल्हेशेठचा उसाचा चरक होता. ऊस सारताना सगुणा पालीची शेपटी त्यात सापडून तुटली.

"बरी होईपर्यंत माझ्या पोटाचं बघा, शेठ," ती कण्हत म्हणाली. "आणि चरकाला जाळी लावा."

"पालीची शेपटी पुन्हा उगवते. म्हणजे अपघात झालाच नाही," शेठ हसले.

जखमेपेक्षा ते हसू सगुणाला जास्त झोंबलं. तिनं सोबतिणींना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चरकावरच्या साऱ्या पालींनी आपापल्या शेपट्या टाकल्या आणि त्या सावलीत जाऊन बसल्या.

"उगवल्या की येतो, शेठ."

ऊस वाळू लागला, तशी शेठनी जाळी बसवली, सगुणाकडे शिधा पाठवला आणि दारावर पाटी लावली : 'कामगारांच्या काळजीपोटी, मालकांच्या स्वखुशीने.'